लपवलेली बंदूक आणि कुलपातली बंदूक

मिशिगनमध्ये नोव्ही, ट्रॉय, कँटनकडे नव्यानं राहायला आलेल्या मंडळींना शाळा कुठली चांगली, बर्फातले टायर कधी घालायचे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. बंदुकीचा विषय मात्र कोणी काढत नाही. आपल्याकडे बंदूक म्हणजे पोलिसांची, नाहीतर कोकणात डुकरं राखायला ठेवलेली आजोबांची ठासणीची. इथे ती शेजारच्या घरात असते, आणि ग्रीन कार्ड झाल्यावर आपल्यातलेही काही जण घेतात. मी मिशिगनमध्ये बावीस वर्षं आहे, आमच्याही घरी एक पिस्तूल आहे, म्हणून लिहिते.

आधी कायदा. एच-वन, एच-फोर, एफ-वन किंवा व्हिजिटर व्हिसावरच्या माणसानं बंदूक बाळगणं हा केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि इथलं राहणं संपण्याची शक्यता वेगळीच. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलानं नेम धरणं हेसुद्धा ‘बाळगणं’च ठरतं. ऑफिसातली पोरं हौसेनं जातात आणि वर फोटो टाकतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. ग्रीन कार्डवाल्याला परवानगी आहे. पण त्याच घरात व्हिसावरचं कोणी असेल, सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा का असेनात, तर पिस्तुलाची चावी किंवा कोड त्यांच्या हाती असता कामा नये.

आता आमचं सांगते. आमच्या गल्लीत दोन घरं फुटली. आपल्या लोकांच्या घरी सोनं असतं हे चोरांनाही ठाऊक असतं. नवऱ्यानं पिस्तूल घेतलं आणि आम्ही ते क्लोजेटच्या सर्वांत वरच्या फळीवर, माझ्या लग्नातल्या शालूच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून ठेवलं. इतक्या वर कोण बघतंय, असं वाटायचं. त्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. साड्यांना हवा द्यावी म्हणून त्यांनी स्टूल घेतलं आणि पिशवी खाली काढली. टॉवेल उलगडायच्या आधीच दारात उभा असलेला माझा सात वर्षांचा मुलगा म्हणाला, “आजी, ते बाबाचं आहे. हात नको लावू.”

त्याला कधीपासून माहीत होतं, हे मी आजही त्याला नीट विचारू शकलेले नाही. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही सेफ आणली.

लपवणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे, हे आम्ही असं शिकलो. पुढे २०२१च्या ३० नोव्हेंबरला आमच्याच ओकलंड काउंटीत, ऑक्सफर्डच्या हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवस आधी घेतलेलं होतं. ते कपाटात लपवलं होतं आणि गोळ्या वेगळीकडे, जीन्सच्या खाली होत्या, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. घरात केबल लॉक, म्हणजे बंदुकीतून ओवायचं तारेचं कुलूप, सापडलं, ते पाकिटातून बाहेरही काढलेलं नव्हतं. २०२४मध्ये आई आणि वडील दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. हे सगळं वाचताना मला फक्त माझ्या शालूची पिशवी दिसत होती.

१३ फेब्रुवारी २०२४पासून मिशिगनमध्ये हे कायद्यातच आलं आहे. घरात १८ वर्षांखालचं मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर जवळ नसलेली बंदूक कुलूपबंद पेटीत हवी, नाहीतर रिकामी करून तिला लॉक लावलेलं हवं. तुम्हाला मुलं नसली तरी आरतीला, वाढदिवसाला मुलं येतातच की. तसं न केल्यामुळे मुलाच्या हाती बंदूक लागून कोणाचा जीव गेला, तर १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राज्य बदललं की नियम बदलतो, म्हणून दुसरीकडे जाताना तिथला नियम आधी बघा.

सेफ घेताना ती भिंतीतल्या स्टडला, म्हणजे आतल्या उभ्या खांबाला, किंवा जमिनीच्या काँक्रीटला बोल्टनं पक्की करता येईल अशीच घ्या. छोटी सुटी पेटी चोर काखेत मारून नेतो. अपार्टमेंटमध्ये असाल तर भोकं पाडायला मालकाची परवानगी लागेल. बेसमेंट दमट असतं, आत सिलिकाच्या पुड्या टाका, नाहीतर गंज धरतो. कारखान्यातून आलेला कोड पहिल्याच दिवशी बदला, आणि मुलाचा वाढदिवस ठेवू नका, तो पहिला आकडा मूलच दाबून बघतं. आणि सोन्याच्या तिजोरीत पिस्तूल ठेवू नका. सोन्याचा कोड आईला, सासूला, कधी बहिणीलाही माहीत असतो. लग्नकार्याच्या सकाळी ती तिजोरी चार जणी उघडतात.

गोळ्या वेगळ्या कुलपात. डीलरकडून पिस्तुलाबरोबर लॉक मिळतंच, अनेक पोलीस ठाण्यांत केबल लॉक फुकटही देतात. आधी मॅगझीन, म्हणजे गोळ्यांचा डबा, काढायचं, चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून केबल वरच्या खिडकीतून आत आणि मॅगझीनच्या पोकळीतून बाहेर काढायची. पाच मिनिटांचं काम आहे.

गुपित राखायचं ते बाहेरच्यांपासून. पिस्तुलाचं खोकं फाडून कचऱ्यात टाका, तसंच कडेला ठेवू नका. ग्रुपवर फोटो नको, गाडीवर स्टिकर नको. गाडीत तर पिस्तूल मुळीच सोडू नका. सिरियल नंबर लिहून ठेवा. चोरी झालीच, तर कळल्यापासून पाच दिवसांत पोलिसांना कळवावं लागतं.

मूल खेळायला दुसऱ्याच्या घरी जाणार असेल तर विचारा. मी फोनवर एकाच दमात विचारते: घरी कुत्रा आहे का, ह्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, आणि बंदूक असेल तर ती कुलपात असते ना? पहिल्यांदा विचारताना माझा आवाज कापला होता. आजवर कोणी रागावलेलं नाही. एका शेजारणीनं तर मला खाली नेऊन सेफ दाखवली.

आणि एक, जे सांगायला जड जातं. इथे बंदुकीनं जाणाऱ्या जिवांपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्येत जातात. नोकरी गेली, व्हिसा अडकला, पहिला हिवाळा अंगावर आला, पोरगं खोलीतून बाहेर येईना, अशा वेळी पिस्तूल घरात नकोच. बंदुकीची काही दुकानं आणि पोलीस ठाणी तात्पुरतं ठेवून घेतात. ते घेऊन थेट जाऊ नका, आधी फोन करा. ९८८ हा जीव नकोसा झाल्यावर मदत देणारा नंबर दिवसरात्र चालतो. आणि मराठीतच बोलावंसं वाटलं, तर आमच्या घरी फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.