जुन्या ४८६ पीसीला साउंड कार्ड बसवताना

ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या भंगारात साउंड कार्ड हाती लागलं की लोक कंपनीचं नाव शोधतात. मी आधी चिपवरचे आकडे वाचतो. डॉसमध्ये (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) गेम आणि कार्ड यांच्यामध्ये कुणी नसतं. गेम थेट कार्डाच्या पोर्टवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या पत्त्यावर लिहितो. कार्ड त्याच्या ओळखीचं नसेल तर आवाज नाही, विषय संपला.

वायएम३८१२ दिसली तर ती यामाहाची ओपीएल२, १९८७च्या ॲडलिब कार्डावर असलेली. नऊ चॅनलचं एफएम संगीत, म्हणजे चिपने स्वतः तयार केलेले सूर. क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली तीच चिप घेऊन शेजारी ८ बिटांचा रेकॉर्डेड आवाज दिला आणि साउंड ब्लास्टर झालं. मग प्रत्येक खोक्यावर ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ छापून यायला लागलं. ते वाचून खूश होऊ नका. खुद्द क्रिएटिव्हचं १९९२चं साउंड ब्लास्टर १६ घ्या: आधीच्या साउंड ब्लास्टर ‘प्रो’साठी लिहिलेल्या गेमचा स्टिरिओ त्यावर मोनो होतो. उलट ईएसएस कंपनीच्या १८६८ चिपचं कार्ड, ज्याला कुणी भाव देत नाही, ते ‘प्रो’चा स्टिरिओ व्यवस्थित वाजवतं, मात्र साउंड ब्लास्टर १६चा १६ बिटी आवाज त्याच्याकडून मिळत नाही. जुने गेम खेळायचे असतील तर मी ईएसएस उचलेन. ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड मिळालं तर नशीबच, पण ते दुसरं कार्ड म्हणून ठेवा. साउंड ब्लास्टरचं सोंग ते सॉफ्टवेअरच्या जोरावर घेतं, तेही सगळ्या गेमपुढे टिकत नाही.

बसवण्याआधी सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ठाण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या कार्डाला एवढं लागतंच.

आता खरी डोकेदुखी, आयआरक्यू: कार्ड प्रोसेसरला हाक मारतं त्या वाटेचा क्रमांक. पहिल्या साउंड ब्लास्टरवर तो ७ असायचा, आणि ७ म्हणजे प्रिंटरच्या एलपीटी१ पोर्टचा. जंपर (कार्डावरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढून ५वर लावा. आयआरक्यू चुकला की लक्षण ठरलेलं: बंदुकीचा पहिला ‘ढिश्’ संपतच नाही, ‘ढि-ढि-ढि-ढि’ चालू राहतं, नाहीतर गेम तिथेच गोठतो. संगीत मात्र छान वाजतं, कारण एफएमला आयआरक्यू लागत नाही. म्हणून संगीत आहे पण आवाज नाही, असं झालं तर कार्ड फेकू नका, जंपर बघा.

मग ऑटोएक्झेक.बॅटमध्ये (पीसी सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) ही ओळ:

सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६

ए म्हणजे पत्ता, आय आयआरक्यू, डी ८ बिटी डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा नेणारी वाट), एच १६ बिटी, पी मिडीचा (बाहेरच्या डिजिटल वाद्यांसाठीचा) पोर्ट, टी कार्डाची जात. टी६ साउंड ब्लास्टर १६साठी. ईएसएसला टी४ द्या, एच गाळा. (फाइलमध्ये हे सगळं अर्थातच रोमन लिपीत.) प्लग अँड प्ले कार्डावर जंपर नसतात, तिथे कंपनीचं छोटं सेटअप आधी चालवावं लागतं, नाहीतर कार्ड झोपलेलंच राहतं.

कार्डावर ४० पिनांचा कनेक्टर दिसला म्हणून त्यात हार्ड डिस्क जोडू नका. तो बऱ्याचदा मित्सुमी किंवा पॅनासॉनिकच्या सीडी ड्राइव्हचा असतो.

पुतण्या म्हणतो, “काका, एम्युलेटरवर चालतं की सगळं.” चालतं, ते सॉफ्टवेअर जुन्या पीसीची नक्कलच करतं. त्याला खुशाल तिकडे खेळू द्या.

स्पीकर जोडताना एक बघा: जुन्या कार्डांच्या आउटपुटमागे स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. आजचे पॉवर्ड स्पीकर त्यावर लावले तर खरखर वाढते. लाइन आउट (ॲम्प्लिफायरशिवायचं आउटपुट) असेल तर ते वापरा. नसेल तर कार्डाचं व्हॉल्यूम चाक निम्म्याखाली ठेवा आणि आवाज स्पीकरवरून वाढवा.