मुंबईत हँगर मिळत नाही? मग विमान चिकलठाण्याला ठेवताना हे बघा

जालना-वाळूजच्या कारखानदाराचं काम मुंबईत असतं, म्हणून विमानही तिथेच ठेवावंसं वाटतं. तो नाद सोडा. मुंबईत खासगी विमानाला रात्रभर उभं राहायलाच जागा मिळेना, हँगर म्हणजे विमान ठेवायची शेड कुठली? पुण्याचं लोहगाव तर हवाई दलाचं. त्यापेक्षा विमान छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर ठेवून मुंबईत माणसं उतरवायची, विमान परत आणायचं आणि संध्याकाळी पुन्हा पाठवायचं, याचा हिशेब मांडा. टर्बोप्रॉपला, म्हणजे टर्बाइन इंजिनावर प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानाला, हा टप्पा साधारण पाऊण-एक तासाचा. म्हणजे दोन रिकाम्या फेऱ्यांचं इंधन आणि दोन जादा लँडिंग. काम तीन-चार तासांचंच असेल तर तेवढ्यापुरती पार्किंगची वेळ आधी मागून ठेवणं स्वस्त पडतं.

हँगरची चौकशी करण्याआधी टेप घ्या. सेसना १७२ या छोट्या पिस्टन विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३६ फूट, उंची ९ फुटांच्या आसपास. किंग एअर बी२०० या टर्बोप्रॉपचे पंख साडेचोपन्न फूट आणि शेपूट १५ फूट. मालक हँगरची रुंदी सांगतो. तुम्ही मात्र दार पूर्ण उघडल्यावर उरणारी मोकळी जागा मोजा, आणि उंची मोजताना छताकडे न बघता दाराच्या वरच्या तुळईखालून मोजा, तीही मध्यभागी, कारण जुनी तुळई तिथेच खाली आलेली असते. विमानाच्या शेपटीची उंची टाक्या रिकाम्या असताना घ्या. वजन कमी झालं की मागचे स्ट्रट, म्हणजे चाकांवरचे धक्के झेलणारे खांब, वर येतात. त्यात पुढच्या स्ट्रटची हवा कमी असेल तर नाक खाली जातं आणि शेपूट आणखी उचलली जाते. भरल्या टाकीने आत गेलेलं विमान दुरुस्तीनंतर बाहेर काढताना दाराला घासतं ते यामुळेच. पंखांच्या दोन्ही टोकांना किमान तीन-तीन फूट सोडा.

रिकामी जागा फलकावर लागत नाही. एएमई, म्हणजे विमानांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांना विचारा. कुठलं विमान मोठ्या दुरुस्तीला जाणार, कोण विकतंय, हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. अशी काही आठवड्यांची जागा घेताना मूळ भाडेकरूच्या शब्दावर जाऊ नका. पोटभाड्याला विमानतळ प्राधिकरणाची लेखी परवानगी आहे का, ते बघा. नसेल तर विमान एका नोटिशीवर उन्हात येतं. पायलट, एएमई आणि हेल्परच्या प्रवेश पासांचे अर्ज करार व्हायच्या आधीच तयार ठेवा, पोलीस पडताळणीला वेळ जातो.

करारात एक ओळ हवीच: विमान बाहेर काढायला किती वेळाची सूचना लागेल आणि ढकलाढकलीत लागलं तर भरपाई कोण देणार. सामायिक हँगरात आधी गेलेलं विमान मागे अडकतं. आत ठेवताना दोघांनी मिळून पंखांची टोकं, शेपूट, प्रोपेलरचे फोटो काढून सही करा. १७२ चं पुढचं चाक ओढताना ३० अंशांपेक्षा जास्त वळवू नये, हे टोबार, म्हणजे विमान ओढायचा दांडा, धरणाऱ्या पोराला सांगा. बहुतेक ठिकाणी त्याला कोणी सांगितलेलं नसतं. विमा कंपनीलाही नवा मुक्काम लेखी कळवा.

नांदेड, लातूर, धाराशिवलाही धावपट्टी आहे, भाव कमी पडू शकतो. पण टॉवरची वेळ, अग्निशमन आणि इंधन याची खात्री त्या-त्या ठिकाणी करून घ्या. पिस्टन इंजिनाला लागणारं अ‍ॅव्हगॅस आणि टर्बोप्रॉपचं जेट ए-१ ही वेगळी इंधनं. एक मिळतं म्हणून दुसरंही मिळेल असं धरू नका.

हँगर मिळेपर्यंत बाहेर बांधायचं तर वळीव आणि गारपीट लक्षात घ्या. गारांवर दोरी चालत नाही, त्या महिन्यांत फक्त छत. वाऱ्यासाठी दोन्ही पंख आणि शेपूट अशा तीन ठिकाणी बांधा, १७२ ला निदान ३२० किलो ताण सोसणारा दोर. काळ्या मातीत नुसता खुंटा ठोकू नका, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि खुंटा सैल होतो. काँक्रीटमध्ये पुरलेली कडी हवी. ताग-अंबाडीचा दोर ओला झाला की आखडतो, म्हणून किंचित ढील ठेवा. वाऱ्याने पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या आपटू नयेत म्हणून कंट्रोल लॉक आणि चाकांना पुढून-मागून अडसर लावाच. वेग मोजायला समोरची हवा घेणाऱ्या नळीवर, म्हणजे पिटो ट्यूबवर, कव्हर नसेल तर कुंभारीण माशी त्यात माती भरते, आणि ते कळतं टेकऑफच्या धावेत वेगाचा काटा हलत नाही तेव्हा.