गावावर लिहायचंय? मग आधी रस्ता विचारा

ललित लिहायला बसलं की पहिलं वाक्य 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं माझं गाव' असंच येतं, माझंही यायचं. ते खोडा सरळ, कुठल्याही गावाला चालतं ते.

माझं सांगते. आमचं जुनं गाव उजनीत गेलं. भीमेवरचं हे धरण १९८० ला पूर्ण झालं आणि मी जन्मले त्यानंतर, म्हणजे ज्या गावावर लिहायचं ते मी पाहिलेलंच नाही. आजीला विचारलं गाव कसं होतं गं, तर म्हणाली 'चांगलं होतं की'. संपलं. मग एकदा विचारलं पाण्याला कुठनं जायचीस, तर अर्धा तास बोलत होती, वेशीतनं बाहेर, मग पांद, मग चिंचेखाली हंडा टेकवून जरा बसायचं, आणि बोलताना वळण आलं की तिचा हात आपोआप डावीकडं वळायचा. म्हणून रस्ता विचारा, आठवणी त्याच्या मागनं येतात. तिला विचारून रेकॉर्डिंग करा आणि लिहिताना तिचे शब्द सुधारू नका प्लीज, पांदीची 'अरुंद वाट' केलीत की आजी गेलीच त्यातनं.

नंतर त्यावरनं नकाशा काढा, हातानंच, कसाही. जिथं काही सापडत नाही तिथं कल्पनेनं घरं भरू नका, मोकळं सोडा आणि इथलं मला माहीत नाही असं लेखातच लिहा. माझ्या लेखातला 'मी' मला तिथंच सापडला, त्याआधी नुसते उसासे होते.

मग जागेवर जा, वर्षातनं दोनदा तरी. आमच्या उजनीच्या काठावर पळसदेवला उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर वर येतं, हिवाळ्यात भिगवणकडं लोक रोहित पक्षी बघायला येतात, आणि पाणी हटलेल्या जमिनीत कुणीतरी गाळपेर करत असतं. हे सगळं घ्या. याच पाण्यावर कितीतरी जणांचा ऊस उभा राहिला, तेही घ्या, फक्त आपलंच दुःख लिहिलं तर जागा अर्धीच येते.

लेख झाला की ज्यांचं गाव त्यांना वाचून दाखवा. मी आड देवळापुढं लिहिला होता. आजीनं मधेच थांबवलं, 'मागं होता गं आड', आणि मग त्याचं पाणी उन्हाळ्यात कसं मचूळ लागायचं ते सांगत बसली, जे आधी कधीच बोलली नव्हती. तेव्हा वाचतानाही रेकॉर्डिंग चालू ठेवा.