शिलाई मशीनपासून फौंड्रीपर्यंत: रोजच्या कामात वचन कसं शोधायचं

संडे स्कूलच्या पोरांच्या आया मला नेहमी विचारतात, ताई, पोरगी चित्रं छान काढते, हिचा हात चांगलाय, पण हे देवाच्या कामाला कसं लावायचं? आणि देवाचं काम म्हटलं की त्यांच्या डोक्यात नाताळचा देखावा, क्वायर, चर्चचा बॅनर एवढंच येतं. घरात शिवलेला ब्लाऊज, आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतलेलं कास्टिंग, सकाळची भाकरी यातलं काहीच त्यात बसत नाही. मी स्वतः शिवणकाम आणि आरी वर्क करते, आमचे हे फौंड्रीत मोल्डिंगला आहेत, त्यामुळं हा प्रश्न आमच्या घरात रोजचा आहे आणि त्यावर आम्ही जे करतो तेच इथं लिहितेय, जसं जमेल तसं घ्या.

पहिलं काम म्हणजे तुमचा धंदा बायबलमध्ये कुठं आलाय ते शोधा. खरंच शोधा, सापडतो. निर्गम ३१, म्हणजे निर्गम पुस्तकाचा ३१ वा अध्याय काढा, तिथं देवाचा निवासमंडप करणारा बसालेल भेटेल. हा माणूस संदेष्टा नाही, याजक नाही, कारागीर आहे, आणि देव मोशेला सांगतो की मी याला माझ्या आत्म्यानं भरलंय, कशासाठी, तर सोनं, रुपं म्हणजे चांदी, पितळेचं काम करायला, खडे पैलू पाडून बसवायला, लाकडावर कोरायला. त्याच्या जोडीला अहलियाब आहे, तो कोरीव काम करणारा आणि निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचं भरतकाम करणारा. त्याच्याही आधी २८ व्या अध्यायात मुख्य याजक अहरोनाची वस्त्रं शिवणाऱ्यांबद्दल लिहिलंय की त्यांना देवानं ज्ञानाच्या आत्म्यानं भरलंय, म्हणजे चक्क शिंपीकाम करणारे लोक! मला हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा लई भरून आलं, कारण ज्या कामाला चारचौघांत कुणी मोठं म्हणत नाही त्या कामाचं नाव देवानं स्वतः घेतलंय. बाकीचे पण बघा, पौल तंबू करायचा आणि करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला त्याच धंद्याचे होते म्हणून त्यांच्याकडंच राहून त्यानं काम केलं (प्रेषितांची कृत्ये १८), यापोची टबीथा अंगरखे शिवायची, शेतमजुरीला रूथ आहे, आणि आपल्या प्रभूला तर गावचे लोक सुतार म्हणूनच ओळखत होते, मार्क ६ मध्ये आहे. स्वयंपाक करणाऱ्यांनी १ राजे १७ मधली सारफथची विधवा वाचावी, मूठभर पिठाची गोष्ट आहे.

सापडलं की तो उतारा हातात आपलं काम घेऊन वाचा. देव्हाऱ्यापुढं बसल्यासारखं आखडून वाचायची गरज नाही, आपल्या नेहमीच्या जागेवर बसून, आपल्या कारागिराच्या डोळ्यांनी वाचा. मी एक उदाहरण देते. निर्गम २८:३२ मध्ये अहरोनाच्या झग्याबद्दल लिहिलंय की मधोमध डोकं घालायला जागा ठेवायची आणि तिच्या कडेनं विणलेला गोट लावायचा, म्हणजे ते फाटणार नाही. किती जणांनी हे वचन ऐकलंय प्रवचनात? पण जिनं गळा शिवलाय तिला लगेच कळतं की गळ्याला गोट किंवा पट्टी नीट नसली की कापड तिथनंच ताणतं आणि उसवतं. म्हणजे देवाला गळा उसवू नये याची काळजी आहे. पुढच्याच वचनात घेराला डाळिंबं काढायला सांगितलीत, निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची, आणि मधे मधे सोन्याची घुंगरं. मजबुती पण बघितली आणि देखणेपण पण. मी तेव्हापासून कुठलाही गळा घेतला की आतली बाजू बाहेरच्याइतकीच नीट करते आणि घेराला काहीतरी थोडं का होईना, मनापासनं काढलेलं असतं. गिऱ्हाईकाला त्यातलं वचन माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही नाही.

फौंड्रीवाल्यांसाठी १ राजे ७. शलमोनाच्या मंदिराचं पितळेचं सगळं काम करणारा हिराम, आई नफताली वंशातली विधवा, बाप सोर नगराचा, तो पण पितळेचंच काम करायचा. अठरा हात उंच दोन खांब, वर पाच हाताचे कळस, त्यावर कमळांची नक्षी आणि डाळिंबांच्या रांगा. आणि ४६ वं वचन वाचून आमच्या ह्यांनी जेवताना ताट बाजूला ठेवलं, तिथं लिहिलंय की हे सगळं यार्देनेच्या काठच्या सपाटीवर, सुक्कोथ आणि सारतानच्या मधे, चिकणमातीच्या जमिनीत ओतलं. म्हणजे बायबल लिहिणाऱ्यानं माती कुठली हे पण नोंदवून ठेवलं! शिरोलीत, उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात किती जण रोज वाळूचा साचा बांधतात, वाळूत ओल किती, कास्टिंगला भोक तर पडणार नाही ना हेच बघत शिफ्ट जाते त्यांची. त्यांनी हा अध्याय एकदा कामावरच्या मधल्या सुट्टीत वाचून बघावा.

दुसरी गोष्ट, जागेवर जा. यिर्मया १८ मध्ये देव त्याला म्हणतो कुंभाराच्या घरी जा, तिथं मी तुला माझी वचनं ऐकवीन. मंदिरात बोलवलं नाही, चाकापाशी बोलवलं, आणि यिर्मयानं आधी काय केलं तर बघितलं. भांडं बिघडलं, कुंभारानं त्याच मातीचं दुसरं केलं, हे बघून झाल्यावर देव बोलला. म्हणून मी संडे स्कूलच्या मोठ्या पोरांना सांगते की शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत नाहीतर बापट कॅम्पला जाऊन उभं राहा, तिथं आता मूर्तींचं काम जास्त चालतं पण माती मळणं, ओली ठेवणं, तडा गेलेला भाग परत लिंपणं हे सगळं बघायला मिळतं, अर्धा तास न बोलता बघा आणि मग घरी येऊन तो अध्याय वाचा. तसंच चांदीचं. मलाखी ३ मध्ये देव रुपं गाळून शुद्ध करणाऱ्यासारखा बसेल असं म्हटलंय. ज्यांचे पाहुणे हुपरीत आहेत त्यांनी चांदी गाळताना जवळनं बघावं, तिथं भट्टी सोडून उठून जाता येत नाही, आणि ते बघितलं की "बसेल" हा शब्द किती जपून वापरलाय ते समजतं. एक सांगते, चांदीत आपला चेहरा दिसेपर्यंत सोनार तापवतो आणि तसाच देव आपल्यात त्याचा चेहरा बघतो ही गोष्ट पुष्कळ वेळा ऐकायला मिळते, गोष्ट गोड आहे पण ती मलाखीत नाही. जे लिहिलंय तेवढंच धरा, तेवढंच भरपूर आहे.

लिहून काढायची सवय लावा. मशीनजवळ शंभर पानी वही ठेवा. आठवड्याला एकच उतारा, जास्त नको, दहा पंधरा वचनं बास. सोमवारी तो हातानं लिहून काढायचा, मोबाईलवरनं कॉपी पेस्ट नाही, मोबाईलवर मराठी बायबल आहे ते प्रवासात वाचायला चांगलंच आहे पण हातानं लिहिताना जो शब्द आपण वाचताना गिळतो तो सापडतो. मग रोज त्याच्याखाली एक ओळ, आज कामात यातलं काय दिसलं. दिसलं नाही तर दिसलं नाही असं लिहा. शनिवारी त्या ओळी परत वाचा आणि त्यातनं काही करावंसं वाटलं, चित्र, चार ओळी, एखादी नक्षी, तर करा. नाही वाटलं तर सोडून द्या, दर आठवड्याला काहीतरी निघालंच पाहिजे असा नियम केला की मनन संपतं आणि प्रॉडक्शन सुरू होतं.

आता करायचं तर कुठल्या रूपात, यावर माझं मत पक्कं आहे. आपल्या मातीतलं करा. नेटवरनं निळ्या डोळ्यांचा येशू आणि बर्फातलं बेथलेहेम उतरवून घेऊन त्यावर मराठी वचन टाकणं यात आपलं असं काहीच येत नाही. मेंढपाळ काढायचे तर आपल्याकडं धनगर आहेत, खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका, रात्री शेतात बसवलेली मेंढरं, लूक २ मधले मेंढपाळ पण रात्री रानातच होते. गव्हाणी काढायची तर कुठल्याही गावातल्या गोठ्यात जाऊन बघून काढा. आणि हे काही मी नवीन सांगत नाही, फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून आलेले जेझुइट संघाचे धर्मगुरू, त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली, जवळजवळ ११ हजार ओव्या, ती १६१६ साली छापली गेली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं अभंग लिहिले, कीर्तनं केली, त्यांची गीतं 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत आणि रविवारी आपण ती गातोच. आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली आले, म्हणजे इथली मंडळी पण काही कालची नाही. एवढं सगळं मागं असताना आपल्या पोरांनी ओवी लिहायला लाजू नये. आजी जात्यावर म्हणायची त्या चालीत लूक १ मधलं मरियेचं गीत बसवून बघा, पहिल्या तीन ओळींना यमक आणि चौथी लहान, एवढं सांभाळलं की झालं, सुरुवातीला अडखळेल पण बसतं.

दुःखाचं काय, हे पण लिहायलाच पाहिजे, कारण ख्रिस्ती माणसाचं काम म्हणजे सतत आनंदी, सूर्योदय, कबुतर असंच असायला हवं असं लोकांना वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा ज्यांची मशीनं, कापडं, रंग सगळं गेलं त्यांना कुणी सूर्योदयाचं चित्र पाठवून काय होणार होतं? विलापगीत वाचा. यरुशलेम पडल्यावरचं रडणं आहे ते, पण बांधणी बघा, पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात २२ वचनं, कारण इब्री अक्षरं २२ आणि प्रत्येक वचन पुढच्या अक्षरानं सुरू होतं, तिसऱ्यात तर एकेका अक्षराला तीन तीन, म्हणून ६६. स्तोत्र ११९ पण असंच, २२ भाग आणि प्रत्येकात आठ वचनं. मराठीत ते दिसत नाही पण माहीत असू द्या. सगळं कोसळलेलं असताना त्या माणसानं अक्षराला अक्षर धरून रडणं लिहिलं. तुम्हाला कुणाच्या मरणाचं, आजाराचं, पुराचं लिहायचं असेल आणि सुरुवात होत नसेल तर हेच करा, क पासून सुरू करून एकेका अक्षराची एकेक ओळ, देवाकडं तक्रार करायची तर तक्रार करा, स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं आणि तरी ते शास्त्रात आहे.

बसालेलच्या लगेच नंतरचा अध्याय मात्र वगळू नका. ३१ मध्ये कारागीर आत्म्यानं भरलेला आणि ३२ मध्ये लोकांच्या कानातलं सोनं गोळा करून अहरोन वासरू ओततो. सोनं तेच, कौशल्य तेच. म्हणजे हात चांगला असणं हे पुरेसं नाही, काम कुणासाठी चाललंय हे विचारत राहायला लागतं, आणि हे विचारायची माझी जागा देवळात नसून हिशेबाच्या वहीत आहे. नीतिसूत्रे ११:१ म्हणतं खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा. शिवणकामात तराजू कुठला, तर उरलेलं कापड परत देणं, अस्तर सांगितलं तेच लावणं, लग्नाची तारीख माहीत असताना जमणार नसेल तर ऑर्डरच न घेणं. मण्यांचं वर्क सांगितलं पन्नास फुलांचं आणि केली चाळीस तर त्यावर कितीही वचनं भरली तरी ते काम देवाचं होत नाही. कलस्सै ३:२३ आहेच, माणसांसाठी म्हणून नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.

थांबायचं पण शिका. त्याच ३१ व्या अध्यायात कामाची यादी संपली की लगेच शब्बाथाची आज्ञा येते, देवाच्या निवासमंडपाचं काम असलं तरी सातव्या दिवशी हात थांबले पाहिजेत. लगनसराईत हे फार अवघड जातं, मला कळतं, पण रविवारी मशीनवर कव्हर घालाच. आणि ३६ व्या अध्यायात लोकांनी एवढं सामान आणून दिलं की मोशेला सांगावं लागलं, आता बास, आणू नका. नक्षी भरताना पण हे आठवा.

राहिलं वचन छापण्याचं. फ्रेम, मग, टी-शर्ट, गाडीवरचं स्टिकर, करा की, त्यात वाईट काही नाही, फक्त अध्याय पूर्ण वाचल्याशिवाय करू नका. फिलिप्पै ४:१३, मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळं मी सर्व काही करू शकतो, हे जिमच्या टी-शर्टवर दिसतं, पण पौलानं ते कैदेतनं लिहिलंय आणि आधीच्या वचनात तो भूक आणि तृप्ती, विपुलता आणि टंचाई दोन्हीत राहायला शिकलोय असं सांगतोय, ते घरात आजारपण असलेल्या माणसाला द्या, त्याला ते लागू पडेल. यिर्मया २९:११ चं पण तसंच, चांगल्या भविष्याचं वचन आहे पण ते बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना आहे आणि दहाव्या वचनात ७० वर्षं थांबा असं आहे, दहावीच्या निकालाच्या कार्डावर टाकताना पोराला दहावं वचन पण वाचून दाखवा. आणि प्रिंटला द्यायच्या आधी छापील बायबल उघडून काना, मात्रा, अध्यायाचा आकडा स्वतः तपासा, टाइप करताना अक्षरं उडतात आणि एकदा फ्लेक्स लागला की तो सगळी गल्ली वाचते.