फ्रँचायझी करारातील न्यायालयाचे कलम सही करण्यापूर्वी कसे तपासावे

दादरला किंवा घाटकोपरला एखाद्या ब्रँडचे दुकान काढणारा माणूस अनामत रक्कम, रॉयल्टीची टक्केवारी आणि कराराची मुदत बारकाईने वाचतो. शेवटच्या पानांवरील वादनिवारणाचे कलम मात्र बहुधा न वाचताच त्यावर सही होते. त्या कलमात कंपनीने गुरुग्राम किंवा बंगळुरू असे आपलेच शहर घातलेले असते. पुढे पाच-सात लाखांची अनामत परत मिळवायची वेळ आली, की प्रवास आणि तिथला वकील यांच्या खर्चाचाच विचार करून दुकानदार गप्प बसतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात व्यवसायविषयक संहितेचे कलम २००४०.५ अशा दुकानदाराच्या मदतीला येते: राज्यात चालणाऱ्या फ्रँचायझीचा वाद राज्याबाहेरच चालवण्याची अट ते रद्दबातल ठरवते. (लवादाच्या, म्हणजे न्यायालयाऐवजी पंचाकडून निवाडा घेण्याच्या, अटीपुढे मात्र तेही लंगडे पडते, कारण तिथे अमेरिकेचा केंद्रीय लवाद कायदा वरचढ ठरतो.) महाराष्ट्रात असा कायदा नाही आणि फ्रँचायझीसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदाही नाही. त्यामुळे जे संरक्षण हवे, ते सहीपूर्वी करारातच लिहून घ्यावे लागते.

प्रथम कागदावर चार ठिकाणे मांडावीत: करार कोठे झाला, दुकान कोठे आहे, पैसे कोठे दिले आणि कंपनीचे मुख्य कार्यालय कोठे आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० नुसार प्रतिवादी जिथे व्यवसाय करतो किंवा दाव्याचे कारण अंशतः तरी जिथे घडते, तिथे दावा लावता येतो. दुकान डोंबिवलीत असेल तर ते ठाणे जिल्ह्यात येते, हे विसरू नये. केवळ दुकानाच्या आधारावर मुंबईच्या न्यायालयात जाता येत नाही. अशा पात्र न्यायालयांपैकी एक निवडण्याचा करार वैध असतो. ज्याला मुळात अधिकारच नाही अशा न्यायालयाला तो कराराने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हाकम सिंग प्रकरणात स्पष्ट केले. आणि कलमात 'केवळ' हा शब्द नाही म्हणून निर्धास्त राहू नये. २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस निकालानुसार तो शब्द नसतानाही एका शहराचा उल्लेख इतर शहरांना वगळणारा ठरू शकतो.

खरा धोका लवादाच्या कलमात असतो. तिथे 'सीट' (लवादाचे कायदेशीर ठिकाण) या शब्दापुढे कोणते शहर आहे ते पाहावे. २०१७ च्या इंडस मोबाइल प्रकरणात पक्षकार चेन्नई व पंजाबचे होते, माल दिल्लीहून जात होता, तरीही करारात लवादाचे सीट मुंबई असल्याने केवळ मुंबईच्या न्यायालयांचा अधिकार मान्य झाला. म्हणजे वादाशी संबंध नसलेले शहरही इथे चालते. एकमेव लवाद कंपनीच एकतर्फी नेमेल अशी अट असेल, तर तीही खोडून घ्यावी. २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर अशी नेमणूक टिकत नाही, परंतु ते सिद्ध करण्यातही महिने जातात.

वाटाघाटीत आधी सीट मुंबई मागावे. कंपनी अडून बसली, तर निदान न्यायालयाच्या कलमातून शहराचे नावच काढून टाकण्याचा आग्रह धरावा, म्हणजे लवादाची अट नसेल तर कलम २० मोकळे राहते. जो बदल ठरेल तो मूळ करारात किंवा दोघांच्या सहीच्या पुरवणी करारात यावा. विक्री प्रतिनिधीच्या व्हॉट्सॲप आश्वासनावर विसंबू नये.

सही आधीच झाली असेल आणि करारात लवादाची अट नसेल, तर ३ लाख रुपये किंवा अधिक मूल्याचा फ्रँचायझीचा वाद वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ खाली येतो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो, अन्यथा दावाच फेटाळला जातो. मुंबईत १० कोटींपर्यंतच्या दाव्यांसाठी नगर दिवाणी न्यायालय आहे.