कॉर्न स्नेकच्या पेटीतील दमटपणा कसा सांभाळावा

अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनात डिसेंबर लागून घरातील हीटर सुरू झाले की माणसांचे ओठ फुटतात आणि हातापायांची कातडी तडतडू लागते. त्याच हवेत काचेच्या पेटीत राहणाऱ्या सापाचे काय होत असेल, याचा विचार आम्ही पहिल्या हिवाळ्यात केला नव्हता. केशर ही आमची कॉर्न स्नेक तेव्हा दीड वर्षाची होती. एरवी मोज्यासारखी अखंड उतरणारी तिची कात त्या खेपेस तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचे एक बारीक कडे तसेच अडकून राहिले. पेटीच्या काचेवर चिकटवलेला तबकडीचा आर्द्रतामापक मात्र रोज ५० टक्के दाखवत होता, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून स्वस्थ होतो. पुढे दिलेली माहिती त्या चुकीनंतर शिकलेली आहे.

कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातलाच साप. पाइनची राने, शेतांच्या कडा, पडकी कोठारे, झाडांच्या साली आणि उंदरांची बिळे ही त्याची वस्ती. बाहेरची हवा कोरडी असली तरी बिळातली माती ओलसर असते, आणि गरज वाटेल तेव्हा साप स्वतःच तिथे जाऊन बसतो. पाळलेल्या सापालाही हीच निवड करता आली पाहिजे. पेटीतील एकूण हवेची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल त्या बाष्पाच्या किती टक्के बाष्प आहे ते) ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावी, आणि त्याशिवाय त्याहून बरीच दमट अशी एक बंदिस्त जागा सापाला बारा महिने उपलब्ध असावी. सगळी पेटी ओली करण्याची गरज नाही. किंबहुना तसे करणेच घातक ठरते.

पहिले काम मोजण्याचे. काचेला चिकटवायचे तबकडीचे मापक घेऊ नयेत; ते बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतात आणि एका जागी अडकूनही बसतात. वायरीच्या टोकाला संवेदक असलेले दोन डिजिटल मापक घ्यावेत, एक ऊब देणाऱ्या दिव्याकडच्या उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला, आणि त्यांचे संवेदक साप वावरतो त्या उंचीवर म्हणजे तळाच्या भुशापासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवावेत. मापक नवा असला तरी एकदा पारखून घ्यावा. त्यासाठी बाटलीच्या झाकणात साधे मीठ भरून त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाकावेत. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखे दिसले पाहिजे. हे झाकण आणि मापक एकाच घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या नेहमीच्या तापमानाला किमान बारा तास तसेच ठेवावेत. संपृक्त मिठाच्या पाण्यावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. त्यामुळे मापकाने ७० दाखवले, तर तो पाच टक्के कमी दाखवतो हे ध्यानात ठेवून पुढचे आकडे वाचता येतात. आमचा जुना तबकडीचा मापक या परीक्षेतही ५० वरून हलला नाही.

दोन मापक का, हाही प्रश्न पडेल. सापेक्ष आर्द्रता ही हवेत किती बाष्प आहे यावर जितकी अवलंबून असते, तितकीच हवा किती तापलेली आहे यावरही असते. पेटीच्या थंड कोपऱ्यात २२ अंश सेल्सियसला ६० टक्के असलेली हवा तेवढेच बाष्प घेऊन दिव्याखाली ३० अंशांपर्यंत तापली, की मापकावर जेमतेम ३७ टक्के उरतात. म्हणून उबदार बाजूचा आकडा कमी दिसला म्हणून घाबरून पाणी फवारू नये. थंड बाजूचा आकडा ५० ते ६०च्या घरात असेल तर सर्व ठीक आहे. हिवाळ्यात घर कोरडे पडते तेही याच कारणाने. बाहेर शून्य अंशाला ८० टक्के दमट असलेली हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता सुमारे २० टक्क्यांवर येते.

आता उपाय. सर्वांत जास्त फरक पडतो तो तळाला काय अंथरले आहे यावरून. अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा स्वच्छ आणि स्वस्त असतो, पण तो ओलावा धरून ठेवत नाही आणि भिजला की त्याला बुरशी येते. म्हणून कोरड्या घरात मी तो वापरत नाही. नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे किंवा सायप्रस झाडाचा चुरा सात-आठ सेंटिमीटर जाडीने अंथरावा. कोकणातल्या घरामागे ढिगाने पडलेले सोडण इथे दुकानातून विकत आणताना जरा विचित्र वाटते, पण ओलावा पोटात धरून तो हळूहळू सोडण्यात त्याच्यासारखे दुसरे काही नाही. देवदार आणि पाइनचा भुसा मात्र टाळावा, कारण त्यांतील उग्र तेले सापाला अपायकारक असतात. पाणी घालायचे ते वरून न फवारता पेटीच्या कोपऱ्यांतून, हळूहळू, कपभर ओतावे, म्हणजे ते तळाशी उतरते, खालचा थर ओलसर राहतो आणि साप ज्यावर पोट टेकतो तो वरचा थर कोरडा राहतो. बोटाने उकरून पाहिले की वर कोरडे आणि दोन पेरे खाली गार लागावे.

वरच्या जाळीतून बाष्प निघून जात असेल, तर जाळीचा निम्मा ते पाऊण भाग अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्याने किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने झाकावा. दिव्याजवळ अ‍ॅक्रिलिक किंवा प्लॅस्टिक येऊ देऊ नये, आणि पेटीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी कधीही लावू नये. ती सापाच्या अंगाला चिकटली तर सोडवताना खवले निघतात. हवा खेळती राहील एवढी जाळी उघडी असलीच पाहिजे. पाण्याचे भांडे मोठे आणि जड असावे. ते उबदार बाजूकडे थोडे सरकवले की बाष्पीभवन वाढते, पण काठोकाठ भरू नये, कारण साप आत शिरला की पाणी बाहेर सांडते. धुके सोडणारी यंत्रे मला अनावश्यक वाटतात; त्यांच्या टाकीची सफाई वारंवार झाली नाही तर जंतूच हवेत पसरतात.

सुरुवातीला सांगितलेली दमट बंदिस्त जागा घरीच करता येते आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे. झाकणाचा अपारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यात साप वेटोळे घालून भिंतींना टेकेल एवढीच जागा असावी. सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट रुंद भोक पाडून त्याची कड काचकागदाने गुळगुळीत करावी; आपले बोट आतून फिरवून कुठे टोचत नाही ना हे पाहावे. आत स्फॅग्नम शेवाळ पाण्यात भिजवून, मुठीत घट्ट पिळून, एक थेंबही गळत नाही अशा अवस्थेत भरावे. डबा पेटीच्या मध्यभागी, उबदार बाजूकडे झुकता ठेवावा. शेवाळ दर आठवड्याला पाहावे, वास आला किंवा घाण झाली तर लगेच बदलावे.

कात टाकण्याची वेळ ओळखणे कठीण नसते. रंग मळकट होतो, पोट गुलाबीसर दिसते आणि डोळ्यांवर निळसर दुधी झाक येते. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत कात उतरते. डोळे निवळले म्हणून कात राहून गेली असे समजू नये. या काळात एकूण आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांपर्यंत वाढू द्यावी, सापाला हाताळू नये आणि खाऊ घालण्याचीही घाई करू नये.

तरीही कात अडकली, तर सुमारे २८ अंशांच्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या टॉवेलात सापाला सैल गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे त्यातून सरपटू द्यावे. बहुतेक तुकडे टॉवेललाच घासून निघतात. शेपटीवरचे कडे दुर्लक्षू नये, कारण ते सुकून आवळले की रक्तपुरवठा थांबतो आणि टोक गळून पडते. केशरचे कडे तिसऱ्या दिवशी सुटले. डोळ्यावर अडकलेली जुन्या कातीची पारदर्शक चकती मात्र चिमट्याने किंवा नखाने काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ती पुढच्या कातीबरोबर गेली नाही तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याकडेच जावे.

उलट बाजूची, म्हणजे अति दमटपणाची, चूक अधिक गंभीर आहे. काचेवर सतत पाणी जमत असेल, पेटीला कुबट वास येत असेल, तर आधी हवा खेळती करावी आणि वरचा भुसा बदलावा. पोटाच्या खवल्यांवर लालसर डाग किंवा फोड आले, साप तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज आला किंवा नाकातोंडाशी बुडबुडे दिसले, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. साप दिवसचे दिवस पाण्याच्या भांड्यात पडून राहत असेल, तर हवा कोरडी आहे असे लगेच धरू नये. पेटी फार तापली आहे का आणि खवल्यांच्या फटींत माइट्स म्हणजे बारीक काळे परजीवी किडे आहेत का, हेही तपासावे.

उतरलेली कात टाकून देण्यापूर्वी ती पाण्यात भिजवून पांढऱ्या कागदावर पसरावी आणि डोक्याचा भाग उजेडासमोर धरावा. दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक, बारीक भिंगासारख्या चकत्या दिसल्या पाहिजेत, आणि दुसऱ्या टोकाला शेपटीचा निमुळता शेवट अखंड असला पाहिजे. यातील काही कमी असेल, तर त्याच संध्याकाळी सापाकडे पाहावे, आणि मग मापकाकडे.