मसाई पठारावर सायकली न्यायच्या असतील तर

पन्हाळ्यापलीकडं मसाई पठारावर सायकली घेऊन जायचं ठरलं, की आमच्या कट्ट्यावर पहिली चर्चा होते ती गॉगलची आणि व्हिडिओ कोण काढणार याची. पंप कुणाकडं आहे हा प्रश्न शनिवारी रात्री साडेदहाला निघतो. तसं नको. तारीख ठरली की मध्ये किमान पंधरा दिवस ठेवा, कारण सायकल एका संध्याकाळी तयार होते, माणसाला जास्त वेळ लागतो.

तारीख ठरवतानाच जमिनीचा विचार करा. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरतं आणि त्यावर कुठलाही महागडा टायर टिकत नाही. शिवाय ओल्या पठारावरून चाकं गेली की चर पडतात, फुलांचे दिवस असतील तर तीही तुडवली जातात. फेब्रुवारीनंतर उलट त्रास: मुरूम सुटा होतो आणि वळणावर सांडलेल्या ज्वारीवरून गेल्यासारखं चाक सरकतं. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. माती दबलेली असते आणि ऊन सोसतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, तेव्हा उसाचा हंगाम सुरू असतो. पहाटे कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडून केर्लीच्या दिशेनं निघालात की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर भेटणार, आणि त्यांच्या मागच्या दिव्यांचा भरवसा धरू नये. म्हणून सायकलच्या पुढंमागं दिवे आणि अंगात उठून दिसणारा शर्ट हे यादीत वरच लिहा. राधानगरी-दाजीपूरचा विषय निघाला तर वनखात्याला विचारल्याशिवाय बेत आखू नका. ते अभयारण्य आहे आणि वाट गव्यांची आहे. गवे पन्हाळा-जोतिबाच्या बाजूलाही येतात. दिसला तर थांबायचं, मोबाईल खिशात ठेवायचा आणि लांबूनच मागं फिरायचं.

आता सरावाचं. शाळेच्या गॅदरिंगला स्लो सायकलची शर्यत असायची, आठवते? शेवटी पोहोचेल तो जिंकला. पायवाटेवरच्या सायकलिंगची अर्धी अक्कल त्या शर्यतीत आहे. मोकळं मैदान बघून रोज वीस मिनिटं तीच खेळा: पाय न टेकवता, ब्रेक हलकेच धरून, जमेल तितकं सावकाश. चढावर दगड आडवा आला की तोल सांभाळायला हेच उपयोगी पडतं.

मग ब्रेकचा सराव, आणि यावर मी हट्टानं तीन-चार संध्याकाळी घालवायला सांगेन. जमिनीवर पाण्याची बाटली ठेवा, वेगात या, बाटलीपाशी ब्रेक लावायला सुरुवात करा आणि किती अंतरात थांबता ते पावलांनी मोजा. आधी फक्त मागचा ब्रेक, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. आपल्याकडं लहानपणापासून बजावलेलं असतं, पुढचा ब्रेक लावू नको, उलटा पडशील. पण ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, पकडही तिथंच वाढते. मागचं चाक हलकं होऊन नुसतं घसरत जातं. म्हणून थांबवण्याचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो, फक्त तो हिसका न देता, एका बोटानं, हळूहळू दाबत न्यायचा. त्याच वेळी ढुंगण सीटवरून उचलून थोडं मागं, गुडघे आणि कोपरं सैल, दोन्ही पॅडल जमिनीला समांतर. आमच्यातला एक गडी उतारावर चारही बोटांनी दोन्ही ब्रेक आवळून धरायचा. दगडगोट्यात चाक फिरलंच नाही, तर ते वळणार कसं? मागून आम्ही ओरडायचो, ‘भावा, ब्रेक सोड!’ तो आणखी आवळायचा. शेवटी मैदानात बाटलीपाशी तीस-चाळीस वेळा थांबल्यावर त्याचा हात सैल झाला.

वळणाचा नियम छोटा आहे: ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली दाबायचं आणि नजर वळणाच्या शेवटावर ठेवायची. खड्ड्याकडं बघाल तर खड्ड्यातच जाल. चढावर गियर आधीच हलका करा, छाती हँडलकडं झुकवा आणि सीटच्या टोकावर बसा, नाहीतर पुढचं चाक उचलतं.

सायकलीची तपासणी आदल्या रविवारी करा, म्हणजे दुकानात जायला आठवडा हाताशी राहतो. टायरची हवा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. दुकानात अंगठ्यानं दाबून ‘टाईट केलीया’ म्हणतात ती डांबरासाठी ठीक, पण पठारावर तेच टायर दगडावरून चेंडूसारखं उडतं. सत्तर किलोच्या आसपासचा माणूस आणि सव्वादोन इंचाचं ट्यूबवालं टायर असेल तर पुढं २६-२८ आणि मागं २८-३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करा. ट्यूबलेसला आणखी चार-पाच कमी चालतं. फारच कमी केलीत तर रिम दगडावर आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. तेव्हा दाब दाखवणारा काटा असलेला पंप कुणाकडून तरी आणा. डिस्क ब्रेकचे पॅड झिजलेत का बघा, चाकाच्या अॅक्सलला आणि हँडलच्या बेअरिंगला ढिलेपणा आहे का हलवून बघा. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून सोडायला सुरुवात केली, तेव्हा मागच्या चाकाच्या हबमधला (मधल्या तुंब्यातला) ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. त्या उताराचं नावच ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं, असं पडलं. आता तशी वेळ येत नाही, पण पन्हाळ्याहून वाघबीळकडं उतरताना ब्रेक सतत घासत ठेवलात तर जळका वास आजही येतो. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

सामानात प्रत्येकाची स्वतःची ट्यूब हवी, आणि ती आपल्याच रिमच्या भोकातून जाते का हे घरी बघितलेलं हवं. हे मी का सांगतोय ते ऐका. एका नोव्हेंबरात पठाराच्या मधोमध माझं मागचं चाक बसलं. पाच जणांत तीन ट्यूबा होत्या, तिन्ही मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हच्या, आणि माझ्या रिमला बारीक प्रेस्टा वॉल्व्हचं भोक. पॅचचा डबा होता, त्यातलं सोल्युशन वाळून खडा झालेलं. शेवटी वाळकं गवत उपटून टायरमध्ये कोंबत बसलो. मूठ-मूठ करून, अंगठ्यानं दाबून, अर्धा तास. टायर लुसलुशीत गादीसारखं झालं आणि वळणावर डुलायचं, पण पन्हाळ्यापर्यंत आलं. रात्री घरी टायर काढलं तर आत गवताचा चुरा आणि मधोमध एक सराट्याचा काटा, साबूत.

म्हणून ट्यूबा, दोन टायर लिव्हर, ताजं सोल्युशन, मल्टिटूल, तुटलेली साखळी जोडायला आपल्या साखळीला बसणारी क्विक लिंक आणि मागच्या डिरेलरचा (गियर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर अडकवलेला असतो तो तुकडा. हा शेवटचा भाग प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो, उसना मिळत नाही. हेल्मेट आणि हातमोजे याविषयी वाद नाही. गुडघ्याचे पॅड नवख्यांनी नक्की घालावेत. औषधाच्या पिशवीत गॉज, जंतुनाशक, पट्ट्या, हात गळ्यात बांधायला त्रिकोणी फडकं. १०८ नंबर सगळ्यांना पाठ असावा, आणि आपण नेमके कुठं आहोत हे सांगता यावं म्हणून नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून घ्यावा. पाणी माणशी दोन-तीन लिटर. वर मिळेल अशा आशेवर राहू नका. खायला गूळ-शेंगदाणे, केळी, राजगिऱ्याचा लाडू. निघताना मिसळ हाणायचा मोह होतो, पण वाघबीळच्या चढाला ती घशाशी येते. त्यापेक्षा उतरल्यावर पन्हाळ्यात झुणका-भाकर.

एकत्र जाण्याचे करार निघायच्या आधी तोंडानं बोलून घ्या. सगळ्यात शेवटी राहणारा माणूस सगळ्यात पक्का हवा आणि पंप त्याच्याकडंच. फाट्यावर शेवटचा येईपर्यंत कुणी पुढं जायचं नाही. अवघड उतार आधी चालत बघायचा, मग एकेकानं उतरायचा. मधलं अंतर सायकलीच्या चार-पाच लांबीइतकं. न जमल्यास उतरून ढकलत नेणाऱ्याची टिंगल करायची नाही. आमच्यात यावर दंड आहे, पुढची मिसळ त्याच्या खिशातून. वाटेत म्हशी आल्या किंवा डोक्यावर भारा घेतलेली मावशी आली तर सायकल कडेला घेऊन थांबायचं, आणि गडाच्या तटबंदीवरून उड्या मारायच्या नाहीत.

शनिवारी रात्री बॅग भरून ती सायकलीला अडकवून ठेवा, दिवे चार्जिंगला लावा, सीट उतारासाठी किती खाली घ्यायची तिथं टेपची खूण करा. पावणेसहाला शिवाजी पुलाजवळ. सहाच्या पुढं थांबणार नाही.